कर्नलमध्ये ट्रेस पॉइंट बसवताना : एडीसी ड्रायव्हरच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

काम मिळालं. कंपन मोजणाऱ्या आपल्या यंत्रात जो एडीसी ड्रायव्हर (कंपनाचा सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप चालवणारा कोड) आहे, त्यात कायमचे ट्रेस पॉइंट बसवायचे, म्हणजे कोडमधल्या अशा जागा, जिथून काम गेलं की वेळेसह एक छोटी नोंद होते. बोर्ड चार कोअरचा, एआरएम-६४. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिनक्स ६.६. एडीसी २४ बिटांचा, चार चॅनेल, सेकंदाला ४००० नमुने, एसपीआय बसवर (चिपांशी बोलायच्या सामाईक तारांवर) लटकलेला. नमुना तयार झाला की चिप 'डेटा रेडी'ची लाइन खाली ओढते आणि इंटरप्ट येतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम सोडून इकडे बघायची हाक. ती हाक घेणारा हँडलर दोन भागांत आहे. पहिला भाग वेळ आणि क्रमांक टिपून थ्रेडला (कर्नलमधल्या स्वतंत्र कामाच्या धाग्याला) जागं करतो. थ्रेड एसपीआयवरून १५ बाइट वाचतो (३ स्टेटसचे, १२ चॅनेलचे) आणि बफरमध्ये टाकतो.

चिपमध्ये फिफो (नमुने रांगेत साठवून ठेवायची जागा) नाही. पुढचा नमुना यायच्या आत मागचा उचलला नाही तर तो गेलाच. म्हणजे सगळ्या कामाला मुदत २५० मायक्रोसेकंदांची.

तक्रार अशी की चाकणला एका कारखान्यात बसवलेल्या यंत्रात अधूनमधून नमुने हुकतात. स्टेटसमधला चिपचा स्वतःचा काउंटर उडी मारतो, त्यावरून कळतं. ऑफिसच्या टेबलावर तेच यंत्र शहाण्यासारखं वागतं.

टेस्टिंगवाल्यांनी सुचवलं, प्रिंट-के (कर्नलमधून कन्सोलवर ओळ छापणारी सूचना) टाका की चार ठिकाणी. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर आहे, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला साधारण ७ मिलिसेकंद. तेवढ्यात २८ नमुने येऊन जातात. जो दोष शोधायचाय तोच आपण हाताने तयार करणार, आणि मग तोच सापडला म्हणून आनंद मानणार. नको.

मंगळवार, ४ मार्च

नवीन काही लिहायच्या आधी घरात काय आहे ते पाहिलं. सिस/कर्नल/ट्रेसिंग खाली इव्हेंट्सची डिरेक्टरी उघडली की कर्नलमध्ये आधीच बसवलेले शेकडो पॉइंट दिसतात. आपल्या कामाचे हे :

इंटरप्टसाठी हँडलर-एंट्री आणि हँडलर-एग्झिट. कोअर कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या शेड्युलरचे शेड-वेकअप (काम जागं झालं) आणि शेड-स्विच (कोअर दुसऱ्याकडे गेला). एसपीआयचे मेसेज-सबमिट, मेसेज-स्टार्ट, मेसेज-डन, शिवाय प्रत्येक ट्रान्सफरचे स्टार्ट-स्टॉप. कर्नल ५.१९ पासून कुलपांसाठी (एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टींवरची लॉक) कन्टेन्शन-बिगिन आणि कन्टेन्शन-एंड हे दोन आलेत, ते फार उपयोगाचे आहेत आणि अजून बऱ्याच जणांना माहीत नाहीत.

एवढं असताना आपले वेगळे कशाला, हा प्रश्न सरांनी विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर असं की यांतल्या एकालाही 'हा कितवा नमुना' हे ठाऊक नाही. एसपीआयला मेसेज दिसतो, शेड्युलरला टास्क दिसतो. नमुना ही गोष्ट फक्त आपल्या ड्रायव्हरला कळते. इंटरप्ट क्रमांक अमुक आणि मेसेज तमुक हे एकाच नमुन्याचे आहेत की नाहीत, ते वेळा बघून अंदाजाने जुळवावं लागतं. आणि अंदाज चुकतो तो नेमका नमुने हुकतात तेव्हाच.

के-प्रोबचा पर्याय होता. कर्नल न बदलता चालू यंत्रात जवळजवळ कुठल्याही फंक्शनवर लावता येतो. पण आपलं वाचणारं फंक्शन स्टॅटिक आहे, कंपायलरने ते थ्रेडच्या फंक्शनमध्ये विरघळवून टाकलंय. सिंबॉलच (फंक्शनचं नाव आणि पत्ता) उरला नाही. उद्या कंपायलर बदलला की दुसरं काहीतरी विरघळेल. शिवाय आतल्या व्हेरिएबलचा ऑफसेट शोधत बसणं हे काम सर्व्हिसच्या मुलांवर टाकता येणार नाही. त्यांच्या हातात एक शेल स्क्रिप्ट असली पाहिजे, बस्स.

गुरुवार, ६ मार्च

आजचा दिवस यादीत गेला.

टीममधल्या ज्युनिअरने आधीच यादी करून आणली होती. ड्रायव्हरच्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक. मेहनत दिसत होती. पण फंक्शन कधी सुरू झालं, कधी संपलं हे सांगायला फंक्शन-ग्राफ ट्रेसर आहेच, त्याला आपल्या मदतीची गरज नाही. तिला म्हटलं, फंक्शन विसर. नमुन्याचा ताबा कोणाकडून कोणाकडे जातो ते काढ. चिपकडून इंटरप्टकडे, इंटरप्टकडून थ्रेडकडे, थ्रेडकडून एसपीआयकडे, तिथून परत थ्रेडकडे. जिथे ताबा बदलतो तिथेच वाट बघणं असतं, आणि वेळ जातो तो वाट बघण्यात.

अशा रीतीने चार उरले :

रेडी — हार्ड इंटरप्टमध्ये, क्रमांक वाढवल्या वाढवल्या.
रिक्वेस्ट — थ्रेडमध्ये, एसपीआय-सिंक (एसपीआयवर देवघेव करून ती संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) हाक मारायच्या अगदी आधी.
डन — तीच हाक परतल्यावर, निकालासह.
लॉस्ट — चिपचा काउंटर आणि आपला काउंटर जुळले नाहीत तर.

तिने विचारलं, रिक्वेस्ट वेगळा कशाला? एसपीआयचा मेसेज-सबमिट लगेच पुढच्याच ओळीला येतो ना? मलाही वाटलं होतं तसं. म्हणून एसपीआयचा सोर्स उघडून दोघं बसलो. एसपीआय-सिंक आधी कंट्रोलरचं बस-लॉक म्युटेक्स घेतं, मग आतलं फंक्शन चालतं, आणि मेसेज-सबमिटचा पॉइंट त्या आतल्या फंक्शनात आहे. म्हणजे 'मला बस हवी' आणि 'मेसेज दिला' यांच्यामध्ये एक कुलूप आहे, आणि कुलपाबाहेर ताटकळलेला वेळ एसपीआयच्या एकाही इव्हेंटमध्ये धरला जात नाही. रिक्वेस्ट ठेवलाच पाहिजे.

हे फक्त एसपीआयचं नाही. बहुतेक उपप्रणाल्यांतले पॉइंट तिथले लोक स्वतःच्या सोयीने बसवतात, त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला. बाहेर रांग किती होती ते आपल्यालाच मोजावं लागतं.

शुक्रवार, ७ मार्च

कोड लिहायला घेतला. ट्रेसपॉइंटची मूळ यंत्रणा मात्यू देनोयर यांची, लिनक्स २.६.२८ मध्ये २००८ साली आली. त्यावरचा ट्रेस_इव्हेंट हा मॅक्रो (कंपाइल होताना कोड लिहून देणारा साचा) स्टीव्हन रोस्टेड यांचा, पुढच्याच वर्षीचा. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे डीट्रेस हे असंच साधन २००५ पासून होतं, तेव्हा लिनक्सवाले जरा उशिराच पोचले. पण मॅक्रो मात्र असा केलाय की पहिल्यांदा वाचणाऱ्याला घाम फुटावा.

एकच हेडर फाइल. तीत प्रत्येक इव्हेंटचे पाच भाग लिहायचे. टीपी_प्रोटो मध्ये फंक्शनला येणाऱ्या गोष्टींचे प्रकार, टीपी_आर्ग्ज मध्ये त्यांची नावं, टीपी_स्ट्रक्ट मध्ये बफरात काय साठवायचं, टीपी_फास्ट_असाइन मध्ये ते कसं भरायचं, टीपी_प्रिंट-के मध्ये माणसाला वाचायला कसं दाखवायचं. ही फाइल कर्नल पुन्हा पुन्हा इन्क्लूड करतो. दर वेळी त्याच मॅक्रोंची व्याख्या बदललेली असते, म्हणून एकाच मजकुरातून एकदा स्ट्रक्चर निघतं, एकदा भरणारं फंक्शन, एकदा छापणारं. म्हणून हेडरच्या नेहमीच्या गार्डमध्ये ट्रेस_हेडर_मल्टी_रीड ही पळवाट ठेवावी लागते आणि डिफाइन_ट्रेस ही ओळ गार्डच्या बाहेर, अगदी तळाला.

क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स हे डिफाइन फक्त एका सी फाइलमध्ये, हेडर इन्क्लूड करायच्या आधी. दोन फाइल्समध्ये गेलं की लिंकर दुप्पट व्याख्यांवरून ओरडतो, कुठेच नसलं तर सिंबॉल सापडत नाही म्हणून ओरडतो. आपलं हेडर ड्रायव्हरच्याच डिरेक्टरीत असल्याने इन्क्लूड-पाथ 'इथेच' असा दिला आणि मेकफाइलमध्ये त्या फाइलपुरता सोर्सचा रस्ता जोडला. ट्रेस_सिस्टिम चं नाव ठेवताना मधे आडवी रेघ चालत नाही, कारण त्यातून सी चं व्हेरिएबल तयार होतं. ज्युनिअरने कंपनीच्या पद्धतीप्रमाणे रेघ टाकली होती, ती अंडरस्कोअर केली.

रिक्वेस्ट आणि डन यांचे रकाने सारखेच ठेवले आणि एकाच इव्हेंट-क्लासवर दोन्ही उभे केले. प्रत्येक पूर्ण ट्रेस_इव्हेंट काही किलोबाइट कोड खातो. क्लास केला की भरणारं-छापणारं फंक्शन एकदाच बनतं. चार इव्हेंटमध्ये फरक नगण्य आहे, पण सवय बरी.

सोमवार, १० मार्च

रकान्यांचा क्रम. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला कर्नलचे स्वतःचे ८ बाइट असतात : प्रकार, फ्लॅग, प्रीएम्प्ट काउंट, पीआयडी. त्यापुढे आपले. ज्युनिअरच्या मसुद्यात स्टेटस (१ बाइट), मग वेळ (८), मग लांबी (२), मग क्रमांक (४) असा क्रम होता. कंपायलर ८ बाइटचा आकडा ८ च्या पटीत ठेवतो, म्हणून स्टेटसनंतर ७ बाइट वाया. एकूण ३२. मोठं आधी, लहान नंतर असं लावलं तर २४. फॉरमॅट नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक रकान्याचा ऑफसेट छापलेला असतो, तिथे तिने स्वतः तपासून पाहिलं.

आठ बाइटांनी काय होतं, असं वाटेल. सेकंदाला ४००० नमुने, प्रत्येकी तीन इव्हेंट आमचे, एक एसपीआयचा. १६००० नोंदी. रिंग बफर (भरला की सगळ्यात जुन्या नोंदींवर लिहिणारा) प्रत्येक कोअरला मुळात १४०८ किलोबाइटचा मिळतो. आपला इंटरप्ट आणि थ्रेड दोन्ही एकाच कोअरवर बसतात, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच बफरात. चार बाइटचं डोकं धरून नोंदीला २८ बाइट पकडले तर तीन सेकंदांचा इतिहास मावतो. ३६ धरले तर अडीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मसुद्यात डिव्हाइसचा पॉइंटर साठवला होता आणि छापताना डेव्ह_नेम या फंक्शनने त्यातून नाव काढलं होतं. दोन कारणांनी हे चालत नाही. नोंद होते आत्ता, छापली जाते कधीतरी नंतर; मधल्या वेळात मोड्यूल (ड्रायव्हरचा, चालू कर्नलला जोडता-काढता येणारा भाग) काढलं तर पॉइंटर ज्या जागेकडे बोट दाखवतो तिथे दुसराच कोणी राहायला आलेला असेल. आणि दुसरं, ट्रेस-सीएमडी किंवा पर्फ ही ट्रेस वाचणारी साधनं बफरातले कच्चे बाइट उचलून स्वतः छापतात, तेही फॉरमॅट फाइलमधली ओळ वाचून. त्यांना डेव्ह_नेम म्हणजे काय ते कुठून कळणार? भरतानाच जे हवं ते मूल्य म्हणून भरायचं. आम्ही नावाऐवजी चॅनेल-बोर्डचा छोटा आकडा ठेवला, जो आधीच हाताशी होता. तो स्टेटसनंतरच्या मोकळ्या बाइटात बसला, त्यामुळे २४ चे २४ च राहिले.

बुधवार, १२ मार्च

'बंद असताना खर्च किती?' हा प्रश्न येणारच होता, कारण हे पॉइंट विक्रीच्या कर्नलमध्ये जाणार.

डिसअसेंब्ली (प्रोसेसर प्रत्यक्ष चालवतो त्या सूचनांची यादी) काढून दाखवली. हार्ड इंटरप्टच्या फंक्शनमध्ये जिथे पॉइंट आहे तिथे एक नॉप, चार बाइटची सूचना, काही न करणारी. इव्हेंट चालू केला की कर्नल चालू असतानाच त्या जागी उडी लिहितो. तपासणी नाही, इफ नाही. नोंद भरायचा सगळा कोड फंक्शनच्या शेवटी, वाटेतून बाजूला.

एक मेख आहे. नॉप फक्त आतल्या कामाची बचत करतो. पॉइंटला दिलेली आर्ग्युमेंट्स जर फंक्शनची हाक असेल, तर ती हाक इव्हेंट बंद असतानाही होऊ शकते. लॉस्टच्या वेळी चिपचं एरर रजिस्टर वाचून टाकावं असं सुचलं होतं. म्हणजे एसपीआयवर आणखी एक फेरी, तीही जेव्हा आधीच उशीर झालाय तेव्हा! यासाठी प्रत्येक इव्हेंटबरोबर _एनेबल्ड शेवटाचं एक फंक्शन आपोआप मिळतं. त्याच्या इफ मध्ये महागडं काम ठेवायचं. तेही नॉपवरच चालतं. शेवटी रजिस्टर वाचायचा विचारच सोडला, १५ बाइटांत आलेलं स्टेटस पुरतं.

गुरुवार, १३ मार्च

उद्या धुळवड, परवा-तेरवा सुट्टी. यंत्र लोडवर ठेवून जातोय. चारही कोअरवर एफएफटीचा (कंपनातल्या फ्रीक्वेन्सी काढणारा) प्रोग्रॅम, कारखान्यात चालतो तसाच, आणि पुढच्या पॅनेलवरचा ओएलईडीचा छोटा पडदा दर सेकंदाला अनेकदा ताजा होणारा. टेबलावर आजवर पॅनेल जोडलेलंच नव्हतं. हे कोणी सांगितलं नव्हतं, वायरिंगचा फोटो मागवल्यावर दिसलं.

तीन सेकंदांच्या बफरात चार दिवस कसे मावणार? मावायची गरज नाही. लॉस्ट इव्हेंटच्या ट्रिगर फाइलमध्ये ट्रेस-ऑफ लिहून ठेवलं. नमुना हुकला की त्याच क्षणी नोंद थांबते आणि त्याच्या आधीचे तीन सेकंद जसेच्या तसे राहतात. सगळं इन्स्टन्सेस खाली स्वतंत्र बफर करून त्यात, म्हणजे दुसऱ्या कोणी ट्रेस चालू केला तरी आपल्याला धक्का नाही. घड्याळ 'मोनो' केलं, कारण वरचा प्रोग्रॅम लॉगमध्ये तेच घड्याळ वापरतो.

सोमवार, १७ मार्च

पकडला. वेळेच्या रकान्यातले सेकंद आणि मायक्रोसेकंद, बाकीचे फ्लॅग वगळून :

८१२.४०३२५२ रेडी क्र=४८२११०
८१२.४०३२६१ रिक्वेस्ट क्र=४८२११० बाइट=१५
८१२.४०३५०१ रेडी क्र=४८२१११
८१२.४०३७५१ रेडी क्र=४८२११२
८१२.४०४००१ रेडी क्र=४८२११३
८१२.४०४१८४ एसपीआय मेसेज-सबमिट एसपीआय०.०
८१२.४०४२०९ डन क्र=४८२११० निकाल=०
८१२.४०४२११ लॉस्ट हुकले=३

या आठ ओळी मी प्रिंट काढून पाटीवर लावल्यात.

इंटरप्ट वेळेवर येतोय, २५० च्या ठोक्याला. थ्रेड ९ मायक्रोसेकंदांत जागा झाला, म्हणजे शेड्युलरने त्याला अडवलं नाही. इंटरप्ट थ्रेड शेड्युलरच्या फिफो नावाच्या रिअल-टाइम वर्गात (चिपमधल्या फिफोशी याचा संबंध नाही) ५० प्राधान्यावर असतो, एफएफटीवाले त्याच्यापुढे कोणी नाहीत. शेवटची सबमिट ते डन फेरी २५ मायक्रोसेकंद. १० मेगाहर्ट्झवर १५ बाइटांना १२ लागतात, बाकी वरखर्च. तेही ठीक. वेळ गेला तो रिक्वेस्ट आणि सबमिटच्या मध्ये, ९२३ मायक्रोसेकंद, कुलपाबाहेर. तोवर ११०, १११, ११२ चिपमध्येच एकमेकांवर लिहिले गेले, आणि ११० म्हणून जो वाचला तो खरा ११३ होता.

यातली रिक्वेस्टची ओळ झाकून बघा. उरलेल्या ओळी वाचून कोणीही म्हणेल की थ्रेडच उशिरा उठला, आणि पुढचा आठवडा थ्रेडचं प्राधान्य वाढवण्यात जाईल.

मंगळवार, १८ मार्च

आता कुलूप कोणाकडे होतं ते. त्याच ट्रिगरवर शेड्युलरचे आणि कुलपाचे इव्हेंट जोडून पुन्हा पकडलं. तासाभरात मिळालं, चित्र तेच.

कन्टेन्शन-बिगिन आपल्या इंटरप्ट थ्रेडचा, रिक्वेस्टला लागूनच. हा इव्हेंट कोण थांबलंय ते सांगतो, कोणामुळे ते सांगत नाही. पण एसपीआयचे इव्हेंट चिप-सिलेक्टसकट (बसवरची कुठली चिप ते सांगणारा आकडा) छापतात. त्याच्या थोडं आधी मेसेज-सबमिट एसपीआय०.१ चा, म्हणजे त्याच बसवरचं पॅनेल. ओएलईडी १२८ बाय ६४, आठ पानांत विभागलेला, एका पानाला १२८ बाइट. १० मेगाहर्ट्झवर एक पान १०२ मायक्रोसेकंद. एवढ्याने मुदत मोडत नाही : १०२ अधिक आपले २५, तरी निम्मी मुदत शिल्लक.

पुढे बघितलं तर पानाचं ट्रान्सफर वेळेत संपलंय. पॅनेलच्या प्रोग्रॅमला शेड-वेकअपही लगेच मिळालाय. पण तो प्रोग्रॅम साध्या प्राधान्याचा, आणि चारही कोअरवर एफएफटी, तेही साध्याच प्राधान्याचे. जागा झाला, पण कोअर मिळायला ८०० च्या वर मायक्रोसेकंद गेले. कुलूप त्याच्या खिशात. तो रांगेत उभा, आणि त्याच्या नावाने फिफो ५० वाला आपला थ्रेड बाहेर उभा. पुस्तकात प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणून जे शिकवतात ते हेच, फक्त ते इतकं सरळ ट्रेसमध्ये क्वचित दिसतं.

दुपारी चर्चा. एसपीआय डिव्हाइसला आरटी नावाचा फ्लॅग आहे, तो लावा, असं एकाने सुचवलं. तो फ्लॅग कंट्रोलरच्या मेसेज-पंप थ्रेडचं (रांगेतले मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं) प्राधान्य वाढवतो. पण रांग रिकामी असेल तर एसपीआय-सिंक पंपाकडे जातच नाही, बोलावणाऱ्याच्याच संदर्भात ट्रान्सफर करतो. ट्रेसमध्ये पंप थ्रेडचा शेड-स्विच एकदाही नाही. ज्याला कोणी बोलावलंच नाही त्याला बढती देऊन काय उपयोग? एसपीआय-असिंक (मेसेज रांगेत टाकून न थांबता परतणारं फंक्शन) वापरावं असंही निघालं. तेव्हा मात्र पंप कामाला लागतो, पण त्यालाही ट्रान्सफरच्या आधी आतलं आयओ म्युटेक्स लागतं, आणि तेही पॅनेलच्याच हातात अडकलेलं असणार.

गुरुवार, २० मार्च

तात्पुरता उपाय चमत्कारिक दिसतो, पण बरोबर आहे : पॅनेलच्या प्रोग्रॅमलाच फिफो वर्गात टाकलं, प्राधान्य १०. फिफोतला सगळ्यात खालचा माणूससुद्धा साध्या वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे असतो, त्यामुळे ट्रान्सफर संपलं की त्याला लगेच कोअर मिळतो आणि कुलूप सुटतं. 'बिनमहत्त्वाच्या पॅनेलला रिअल-टाइम?' अशी भुवई उंचावली गेली. सर्व्हिस फाइलमध्ये का ते दोन ओळींत लिहून ठेवलं, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी साफसफाई म्हणून काढून टाकेल.

खातरजमा करायला रिक्वेस्ट आणि डन क्रमांकावर जोडून सिंथेटिक इव्हेंट (दोन्हींमधला वेळ सांगणारा जोड-इव्हेंट) बनवला आणि त्यावर हिस्टोग्राम ट्रिगर (किती वेळाचे किती नमुने ते खणांत मोजणारा). सगळी मोजणी कर्नलमध्येच होते, नोंदी बाहेर काढाव्या लागत नाहीत. त्याच लोडवर बहुतेक नमुने खालच्या खणांत, आणि पॅनेलशी गाठ पडलेले १२९ ते २५६ मायक्रोसेकंदांच्या खणात गेले. हा लॉग-दोनचा खण आहे (दर खण आधीच्याच्या दुप्पट रुंद), त्यात २५० पलीकडचे लपू शकतात. म्हणून वेगळा फिल्टर लावून २०० च्या वरचे मागितले. एकही आला नाही. लॉस्टही शांत.

हार्डवेअरवाल्यांना कळवलं की पुढच्या बोर्डात पॅनेल दुसऱ्या बसवर न्यावं. त्यांनी हो म्हटलंय, म्हणजे बघू.

सोमवार, २४ मार्च

कोड रिव्ह्यू. सगळ्यात लांब चर्चा नावांवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

इव्हेंट एकदा विक्रीच्या कर्नलमध्ये गेला की त्यावर स्क्रिप्ट्स उभ्या राहतात. कर्नलच्या जगात याचा गाजलेला किस्सा पॉवरटॉप या वीजखर्च दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा. बिग कर्नल लॉक (सगळ्या कर्नलला मिळून असलेलं जुनं एकच कुलूप) काढून टाकल्यावर प्रत्येक इव्हेंटच्या सामाईक भागातला लॉक-डेप्थ हा रकाना निरर्थक झाला, म्हणून काढला. पॉवरटॉप फॉरमॅट फाइल न वाचता ठरावीक ऑफसेटवरून वाचत होता, तो मोडला. चूक पॉवरटॉपची होती, तरी बदल कर्नललाच मागे घ्यावा लागला आणि त्या जागी काही काळ नुसती भर भरून ठेवावी लागली. यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) मोडायचं नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक ट्रेसपॉइंटलाही लागतो, आणि याच धास्तीने काही उपप्रणाल्यांचे मेंटेनर आजही नवे ट्रेस इव्हेंट घ्यायला नाखूश असतात. शेड्युलरमध्ये तर मधला मार्ग निघाला : ५.३ पासून काही पॉइंट नुसते पॉइंट म्हणून आहेत, ट्रेसिंग डिरेक्टरीत त्यांचा इव्हेंट दिसतच नाही. ज्याला हवं त्याने मोड्यूल लिहून जोडावं.

आपण त्या थराला जायची गरज नाही. तरी ठरवलं ते असं : इव्हेंटचं नाव आणि आहेत ते रकाने बदलायचे नाहीत, नवीन रकाना शेवटीच जोडायचा, आणि आपल्या स्क्रिप्ट्सनी ऑफसेट कधीच हातचा वापरायचा नाही. 'डन'चं नाव 'रीड-कम्प्लीट' करावं असा आग्रह एकाचा होता. मी अडून राहिलो. एसपीआयकडेही शेवटाला डन आहे; वाचणाऱ्याला दोन बोली शिकायला लावू नयेत.

ज्युनिअरने विचारलं, मग त्या पहिल्या यादीतले बाकीचे पॉइंट डीबग बिल्डमध्ये तरी ठेवू का? ठेव म्हटलं, पण तुझ्या ब्रँचमध्ये.

बुधवार, २६ मार्च

सुपूर्द करायच्या आधीच्या किरकोळ गोष्टी.

मोड्यूलचं लायसन्स जीपीएल (खुल्या सोर्सचं) लिहिलेलं असलं पाहिजे. प्रोप्रायटरी म्हणून किंवा जबरदस्तीने लोड केलेल्या मोड्यूलचे ट्रेसपॉइंट कर्नल नोंदवूनच घेत नाही. मोड्यूल लोड होतं, काम करतं, फक्त इव्हेंट दिसत नाहीत. ट्रीबाहेरचं (मुख्य कर्नलच्या सोर्समध्ये नसलेलं) मोड्यूल म्हणून जो शिक्का बसतो तो मात्र चालतो. सर्व्हिसच्या कागदात 'इव्हेंट डिरेक्टरी दिसत नसेल तर' या मथळ्याखाली हे पहिलं लिहिलं.

६.१२ वर जायचं ठरलंय, तिथे बिल्ड करून पाहिलं. आमच्या चार इव्हेंटना काही झालं नाही. शेजारच्या तापमानाच्या ड्रायव्हरमध्ये एक इव्हेंट स्ट्रिंग साठवतो, तो मोडला : ६.१० पासून असाइन_स्ट्र (नोंदीत स्ट्रिंग भरणारा मॅक्रो) ला दुसरं आर्ग्युमेंट द्यायचं नाही, मूळ स्ट्रिंग ते घोषणेवरूनच उचलतं. दुरुस्ती एका ओळीची. पण ६.६ आणि ६.१२ दोन्हीकडे तोच सोर्स हवा असेल तर आवृत्ती बघणारा इफ लागेल, तो घातला.

६.१२ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी (तातडीचं काम वेळेत व्हावं यासाठीचा कर्नलचा पर्याय) मुख्य कर्नलमध्ये आलंय, एआरएम-६४ साठीही. तो पर्याय चालू केला तर म्युटेक्सला प्राधान्याचा वारसा मिळतो, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला बाहेर ताटकळणाऱ्याचं प्राधान्य आपोआप मिळेल आणि पॅनेलची फिफोची पाटी काढता येईल. एप्रिलमध्ये त्याच लोडवर, त्याच हिस्टोग्रामने बघायचं.

स्क्रिप्ट चाकणला पाठवली. इन्स्टन्स बनवते, चार आमचे आणि शेड्युलर-कुलूप-एसपीआयचे निवडक इव्हेंट चालू करते, लॉस्टवर थांबते, बफर फाइलमध्ये ओतते. ट्रेसिंग डिरेक्टरी फक्त रूटला उघडते, तेव्हा तिथल्या माणसाला सूडो (रूटच्या हक्काने आज्ञा चालवायची सोय) लागेल. त्याच्या लॉगिनला तेवढीच परवानगी देऊन ठेवली आहे. पाडव्याच्या सुट्टीनंतर पहिली फाइल यायची आहे.